उरलेली अर्धी दाढी

१० जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. वस्तीवर आता तू आणि न्हावी दोघंच उरलात, हे दोन ओळींत उरकलंस आणि कोबीवरच्या किडीला अख्खं पान दिलंस. मी दूधखुळी नाही. तुझ्या छातीत कळ आल्याचं न्हाव्याने त्याच्या सुनेला कळवलं, आणि ती माझ्या शेजारच्याच गल्लीत राहते. तुझी खोली तयार आहे. जिना नाही, डॉक्टर समोरच आहे. हट्ट सोड आणि ये.

लोभ आहेच, आता त्याला थोडा प्रवास घडव.

तुझी धाकटी

१९ जानेवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. न्हाव्याच्या पोटात काही राहत नाही. कळ आली होती, गेली.

कौलांचा कारखाना निघाला तेव्हा इथे मी, भट्टी आणि झुडपं एवढंच होतं. माणसं हवीत म्हणून मालकाने मला पत्रं लिहायला बसवलं. या, इथली माती फार चांगली आहे, असं मी चाळीस घरांना लिहिलं आणि चाळीसही आली. शाळा झाली, दुकानं झाली, गल्लीत सायकल काढायला जागा उरेना. मग लोक छपरांवर पत्रे घालू लागले, भट्टी विझली, एकेक दार बंद झालं. जाणाऱ्या प्रत्येकाला मी फाट्यापर्यंत पोचवलं. न्हाव्यालाही मीच बोलावलं होतं. त्याला एकटं टाकून आलो तर तुझ्याकडे मला घास गिळवणार नाही.

माया आहे तशीच ठेव, रागाची भर नको.

तुझा दादा

२८ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र वाचून तडक न्हाव्याच्या सुनेकडे गेले. ती सहा वर्षं सासऱ्याला बोलावते आहे. तिने त्याचं उत्तरच माझ्या हातात ठेवलं. तो लिहितो, भट्टीवाल्याला सोडून कसा येऊ, त्याची दाढी कोण करणार, तो हलला की मी त्याच दिवशी निघतो.

आम्ही दोघी आधी हसलो, मग मला रडू आलं. सहा वर्षं तो तुझ्या गळ्याशी वस्तरा धरतोय आणि एवढं एकमेकांना विचारता आलं नाही? हे पत्र त्याला वाचून दाखव.

उत्तर नको, दोघं या.

धाकटी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. दाढी चालू असतानाच वाचून दाखवलं. न्हावी बराच वेळ वस्तरा पुसत राहिला. मग म्हणाला, उरलेली अर्धी तिकडेच करू. मी करूनच घेतली.

फार मोकळं वाटतंय, धाकटे. रविवारच्या गाडीने निघतो. आजवर सगळ्यांना मी फाट्यापर्यंत पोचवलं. आम्हाला पोचवायला कोणी नाही, म्हणून आम्ही एकमेकांना पोचवणार आहोत.

बाकी लोभ आल्यावर समक्षच घेईन.

दादा