तुमची पेटी हळदीत नाचली

गुरुजी, तुमचा दमा आता कसा आहे? तिकडं धूळ नसावी, म्हणजे बसल्या बसल्या छाती भरून येत नसेल. तुमच्या धाकट्या भावाचा गुडघा? शाळेचे शिपाईमामा तुमच्या मागोमाग आले, त्यांची मान अजून हलते का? माझी याडी, माझी आई, तीही तिकडंच आहे, तिच्या डोळ्यांचं जरा बघा. तुम्ही दिसलात की ती लांबूनच हात जोडायची. तुमच्या घरच्या बाईंची काळजी करू नका. त्या इथंच आहेत, ठणठणीत, आणि परवा कुरुंद्यात नाचल्या. माझ्या गाण्यावर. तेच सांगायला बसलोय.

ते गॅदरिंग तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं. संगीताच्या तासाला साऱ्या वर्गाची बोटं तुमच्या पेटीवर फिरायची, आणि माझी पाळी आली की तुम्ही म्हणायचात, "तू टाळ घे. तांड्यावरच्या हाताला पेटी सोसायची न्हाई." म्हणून मी नांदेडच्या एका ब्यांडवाल्याची मोडकी गिटार आणली, तिची वायर भोंग्याला जोडली आणि आम्ही तिघं स्टेजवर चढलो. गाणं माझंच, शाळेच्या कोरड्या नळावर: 'नळाला पाणी न्हाई, कुणाला लाज न्हाई.' भोंगा कोकलतोय, पोरं बाकांवर चढून किंचाळतायत, मी येत होते तेवढे सूर खच्चून हाणतोय, आणि तुम्ही धोतर सावरत येता, लाइटवाल्याच्या हातातली पक्कड घेता आणि माझ्या तारा एकेक करून तोडता. शेवटची उडून माझ्या गालाला लागली. "लेकरा, हे गाणं न्हाई, हे बोंबलणं हाय," तुम्ही माइकमध्ये म्हणालात. अख्खी शाळा हसली. मागं उभ्या याडीला वाटलं, पोराला बक्षीस मिळून राहिलं. ती टाळ्या वाजवत होती, गुरुजी.

मग मी बोंबलतच राहिलो. नांदेडात, पुण्यात, गोदामांत, कॉलेजांच्या मागच्या हॉलांत. होस्टेलवरचा एक जण म्हणाला, "अबे, तू जे करून राहिला ना, त्याला बाहेर देशात पंक म्हणतात." म्हटलं, म्हणत असतील बापा, आमच्याकडं त्याला नळाचं गाणं म्हणतात. काही वर्षं मजेत गेली. पुढं आमचा ड्रमवाला एसटीत कंडक्टर लागला, गाणाऱ्याचा घसा बसला तो बसलाच, आणि मी एक जुना सिंथ, म्हणजे विजेवरची पेटी, काखोटीला मारून तांड्यावर परतलो. बटण दाबलं की कधी घंटा, कधी विमान. कुणी शिकवलं नाही, पण कुणी 'टाळ घे' असंही म्हणालं नाही. त्यावर लग्नाची, रुसव्याची, नाचायची गाणी बांधत गेलो. आज हट्ट्यापासून बाळापूरपर्यंत डीजे लागला की त्यात माझं गाणं असतंच.

तुम्ही गेल्यावर तुमच्या पोरानं पेटी भंगारात दिली. मी ती भंगारवाल्याच्या गाड्यावरून उचलली. घरी आणून एकेक पट्टी दाबली, एकेक सूर कॉम्प्युटरात भरून घेतला, याच तांड्यावरच्या हातांनी. आता मी सिंथवर बोट ठेवतो आणि तुमची पेटी बोलते. मी म्हणेन ते बोलते. नळाचं गाणं मी तिच्यावरच नव्यानं बांधलं आणि तुमच्या नातीच्या हळदीला डीजेवाल्याला म्हणालो, "हेच लाव. अन् दणकून लाव." तुमचा पोरगा शर्टाची बटणं सोडून नाचला. बाईंना पोरींनी धरून उभं केलं, आणि त्यांनी हळदीच्या हातानं 'नळाला पाणी न्हाई'वर ठेका धरला. दमून माझ्या शेजारी बसल्या. "काय रे, कुणाचं म्हणावं हे गाणं? काहून इतकं वळखीचं वाटून राहिलं?"

"माझं हाय, बाई."

बुंदी इतकी गोड मला कधी लागली नव्हती.

एकच राहिलं. पेटीच्या प्रत्येक सुराआधी भाता भरतानाचा खरखरता श्वास येतो, थेट तुमच्या दम्यासारखा. कॉम्प्युटरात तो एका बटणानं पुसता येतो. पट्ट्यांची खडखड पुसली, शेजारची कोंबडीही पुसली. श्वास तेवढा ठेवलाय. डीजेच्या दणदणाटात तो कुणाला ऐकू जात नाही. बाईंना गेला असेल तर ठाऊक नाही. हा कागद पेटीतच, भात्यामागं सरकवून ठेवतो. श्वास काहून ठेवला, ते तेवढं विचारू नका. बाकी काय म्हणायचं असेल ते लवकर लिहा.