‘टेक’ची शिकवणी

परदेशीपुरा, इंदूर
ता. १० डिसेंबर १९५२

चि. सौ. शशिकलेस दादांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाल शाईने रंगवलेली माझी वाक्यं परत मिळाली. पन्नाशीत लेकीकडून इंग्रजी शिकणारा इंदुरात मी एकटाच असेन. होळकर सरकारात वीस वर्षं मोडीत कामं केली, कुणी हूं की चूं केलं नाही. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं नि इंग्रजीची परीक्षा आली. तीत पास झालो नाही तर हेडक्लार्कची जागा गेलीच.

तुझा ‘टेक’ शब्द मात्र महा बिलंदर. रजा टेक, परीक्षा टेक, फोटो टेक, चहा टेक, काळजीसुद्धा टेक! आपण बिचारे फोटो काढतो, परीक्षेला बसतो, चहा पितो. तुझी आई म्हणते, साहेबाच्या घरात एकच पातेलं असणार, आमटी त्यातच नि खीरही त्यातच.

पाच जानेवारीला ग्वाल्हेरीला परीक्षा. माझे जुने स्नेही शंकरराव तिथे आहेत, त्यांच्याकडे उतरेन. तुझ्या घरी मूल खेळेपर्यंत तिथलं पाणी मला चालत नाही, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. रुसू नकोस.

तुझा,
दादा

लष्कर, ग्वाल्हेर
ता. १८ डिसेंबर १९५२

तीर्थरूप दादांस शशिकलेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

वाक्यं छान. फक्त ‘टेक ऑफेन्स’ म्हणून राग ‘टेक’ करतात तेव्हा तो आपल्याला येतो, आपण दुसऱ्यावर काढत नाही. तुम्ही वाक्यात तो कचेरीतल्या साहेबांवरच काढलात!

दादा, दिवाळीला आले नाही ते तापामुळे नव्हे. तिसरा महिना होता. राहिलं नाही. आता पुन्हा आशा धरू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे मला फुलासारखं जपतात. पण रीत पाळायची तर तुम्ही माझ्या घरी कधीच पाणी पिणार नाही, हे मनातून जात नाही. आईला तुम्हीच सांगा, माझ्याने लिहवत नाही.

तुम्ही शंकररावांकडेच उतरा. परीक्षेला निघताना हातावर दही घालायला मी तिथे येईन. आईला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शशी

लष्कर, ग्वाल्हेर
ता. ६ जानेवारी १९५३

तीर्थरूप आईस शशीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पेपर बरा गेला. ‘टेक’ची पाच वाक्यं मागितली होती, दादा सात लिहून आले. वर साहेबांना दोन फुकट, असं म्हणतात!

पण तुला सांगायचं ते वेगळंच. परवा सकाळी टांगा आमच्याच दारात थांबला. दादा ट्रंक घेऊन उतरले, ओसरीवर बसले आणि पाणी मागितलं. मी दारातच थांबले. यांनीच तांब्या आणून दिला. दादांनी तो घटाघट रिकामा केला आणि मला म्हणाले, चहा टाक, थंडी फार आहे.

मी रडत रडतच विचारलं की दादा, रीत? तर मिशा पुसत म्हणाले, घरात मूल असलं की झालं ना? माझं आहे की इथे.

तुझी,
शशी