चार बोटं स्पंज

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि सायकलच्या दुकानात भिंतींपेक्षा मालकालाच जास्त कान आहेत, म्हणून लिहितो. बाबांना सांग, कॉलेज सोडलं तरी अक्षर सुटलेलं नाही.

तू बायकांच्या वॉर्डात बारा वर्षं नर्स आहेस, म्हणून तुलाच विचारतोय. नकाशेवाली म्हणजे मोजणी कार्यालयात नकाशे काढते ती. सत्तावीस तारखेला तिची परीक्षाफेरी आहे. वीस तासांत तीनशे किलोमीटर सायकल मारली तर इथल्या सायकल क्लबच्या लांब पल्ल्याच्या चमूत जागा, नाही मारली तर पुढच्या वर्षापर्यंत बसा हात चोळत. गेली दोन वर्षं ती पहाटे उठून याच्याच मागे आहे. आणि आता तिला तसला त्रास सुरू झालाय. कसला ते समजून घे. परवा तिने दुकानात येऊन अगदी सरळ सांगितलं, की फोड आलेत, दुसरी सीट दाखवा. माझ्या कानांपर्यंत आग गेली. मी हवा भरायचा पंप शोधायला मागच्या खोलीत पळालो.

क्लबचा म्होरक्या तिथेच होता. त्याला आम्ही पोलादराव म्हणतो. पोटऱ्या पोलादाच्या आणि डोकंही तसंच, आत काही शिरत नाही. तो हसून म्हणाला, की बायकांची कातडी मऊ, ती निबर व्हायला वेळ लागतो, सोसायला शिकावं. असल्या माणसाला सायकल कशाला द्यावी? नांगर द्यावा. आमचे मालक तर त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात, कारण तो दर वर्षी नवी सायकल घेतो.

मी मात्र माझ्या परीने आधीच केलंय. गेल्या महिन्यात दोन रविवार घालवून तिच्या सीटला कव्हर शिवलं. जुन्या सोफ्याचा चार बोटं स्पंज, वर निळी मखमल, कडेला दुहेरी शिवण. शिवाय सीट दोन बोटं वर घेतली. शर्यतवाल्यांची अशीच उंच असते आणि तिला शोभतेही. तरी त्रास का, हे कळत नाही. एखादं मलम कळव. मलम मीच नेऊन देईन, कुणाचं म्हणून सांगणार नाही.

लोभ असू दे, आटला असेल तर थोडा उपसून पाठव.

तुझा
धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे अक्कल येण्यासाठी.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारची सिस्टर पाणी घेऊन धावली. मग राग आला, तो अजून आहे.

त्या मुलीने चारचौघांत नीट शब्दांत त्रास सांगितला. तू पंपामागे लपलास. तुझ्या अख्ख्या पत्रात दुखतंय कुठे याचा पत्ता नाही. बसायच्या हाडांवर, जांघेत, की मधल्या नाजूक जागी? प्रेमात पडायला लाज वाटली नाही, एवढं विचारायला वाटली! माझ्याकडे असल्याच लाजेपायी बायका गळवं पिकवून येतात, आणि दाराशी एकेक बाप्या उभा असतो, काय झालंय ते बायकोलाच विचारा म्हणत. तू त्यांच्यातला निघावास याचं वाईट वाटलं.

आता तुझ्या मखमलीचं. सायकलवर माणूस दोन हाडांवर बसतो. चार बोटं स्पंजात ती हाडं रुततात आणि मधला स्पंज वर फुगून नेमका नाजूक जागी दाबतो. मखमल घाम धरून ठेवते. आणि सीट उंच केलीस म्हणजे पेडलला पाय पोचवायला तिची कंबर प्रत्येक फेरीला डावीकडे-उजवीकडे डोलते. तासन्‌तास किसणीवर बसवलंस तिला, आणि वर म्हणतोस शोभते.

तिला सांग: निदान आठ दिवस सायकल बंद. साध्या पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. कोमट पाण्यात पिळलेला कपडा दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं धरायचा. फोड अजिबात फोडायचा नाही, आणि वस्तरा बंद. घरात सैल, सुती. लाली पसरली, पू धरला, ताप आला तर मला पत्र लिहीत बसू नका, तडक डॉक्टर गाठा. बरं झाल्यावर गादीची सायकलचड्डी थेट अंगावर घालायची, आत दुसरं काही नको, त्याच्या शिवणीच घासतात. बिनवासाचं मलम आधीच लावायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं, आणि उतरल्याबरोबर ओली चड्डी बदलायची. गप्पा नंतर.

सीटची रुंदी पुठ्ठ्यावर बसवून मोजतात, हे मला वॉर्डातल्या एका सायकलवाल्या पेशंटने सांगितलं. तू दुकानात दीड वर्षं काय करतोस?

कव्हर तुझ्या हाताने काढ, आणि ते का काढतोयस हेही तुझ्याच तोंडाने सांग. माया आहे, पण या आठवड्यात तिचा फार भरवसा धरू नकोस.

ताई


ता. १४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र फाडलं. मग चिकटवलं. दोन दिवस मनात तुझ्याशी भांडत होतो, की नर्सला सायकलीतलं काय कळतं. तिसऱ्या दिवशी मालक जेवायला गेल्यावर कव्हर घातलेल्या सीटवर मीच अर्धा तास बसून पेडल मारले. पुढचं लिहीत नाही. एवढंच, की मला स्वतःचा इतका तिटकारा कधी आला नव्हता. कॉलेज सोडलं त्या दिवशीसुद्धा नाही.

तिच्या कार्यालयात गेलो. मोठ्या टेबलावर नकाशा पसरून ती उभ्यानेच रेघा ओढत होती. मी जे होतं ते सांगितलं. स्पंज, मखमल, दोन बोटं, सगळं. तिने आधी रेघ पुरी केली. मग म्हणाली, की कव्हर वाईट आहे हे तिला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी दोन रविवार खपलो हे मालकांनी कौतुकाने सांगितलेलं, म्हणून ते काढायला तिला जड गेलं, आणि म्हणूनच ती नवी सीट मागायला आली होती, म्हणजे कव्हर आपोआप सुटलं असतं. माझं मन राखायला ती फोडांवर बसत होती, ताई! वर म्हणाली, की दुसऱ्याच्या मनासाठी स्वतःची कातडी सोलून घेणं हा तिचा मूर्खपणा, पण माझं प्रेमही चार बोटं जाड आहे आणि सगळंच्या सगळं नको तिथे. प्रेम हा शब्द तिनेच वापरला. मी तर कधी बोललोच नव्हतो. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत असणार.

तुझ्या सूचना मी वाचून दाखवल्या. मोठ्याने, एकही शब्द न गाळता. शेजारच्या टेबलावरचे साहेब उठून बाहेर गेले. जाऊ देत.

दुकानात पडद्यामागे ती पुठ्ठ्यावर बसली आणि पुठ्ठा बाहेर दिला. दोन खळग्यांमधलं अंतर मोजलं, तर जुनी सीट अरुंदच होती. आता टणक, रुंद आणि मधे चीर असलेली बसवली, उंची उतरवली. पोलादराव आलाच, निबर कातडीचं प्रवचन घेऊन. तेवढ्यात मालकांना काय झालं कोण जाणे, ते म्हणाले, की साहेब, तुमच्या मलमाच्या डब्या आल्यात, नेहमीसारख्या कागदात गुंडाळून ठेवल्यात. ती इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

सत्तावीसला जाऊ का, असं तिने तुला विचारायला सांगितलंय. मला नाही विचारलं.

राग ओसरला असेल तर तेवढं कळव.

धाकटा


ता. १९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

कातडी पूर्ण भरून आली असेल, तर आधी दोन तास चालवून बघायचं. लाली उठली नाही तर जावं, उठली तर वर्ष गेलं तरी चालेल. ठरवायचं तिने. तुझा पोलादराव आमच्या इथे रोज वेगवेगळ्या नावांनी येतो, त्याच्यावर शाई वाया घालवू नकोस.

मोठ्याने वाचलंस हे बरं केलंस.

ताई


ता. २८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अठरा तास चाळीस मिनिटं! काल दोनशेव्या किलोमीटरच्या नाक्यावर कोरडी चड्डी आणि पाण्याचा कॅन घेऊन मी उभा होतो. ती तिथल्या शाळेच्या न्हाणीघरात जाऊन बदलून आली. सहा मिनिटं गेली. पोलादराव न थांबता पुढे गेला, आणि शेवटच्या रेषेकडे येताना आम्ही सगळ्यांनी त्याला उभ्याउभ्याच पेडल मारताना बघितलं. मला आनंद झाला. मी काही संत नाही.

शेवटच्या रेषेवर फुलं, फोटो, शिट्ट्या. क्लबचे अध्यक्ष हात पुढे करून उभे. ती त्यांच्या बाजूने सरळ माझ्याकडे आली, माझ्या हातातली कपडे बदलायच्या खोलीची किल्ली घेतली आणि आत गेली. उद्धटपणाची चर्चा सुरू झाली. मी दाराला बाहेरून पाठ लावून उभा राहिलो आणि अध्यक्षांना म्हटलं, की घाई असेल तर फोटो तिच्याशिवाय काढा. त्यांनी काढलाही. भिकार फोटो आहे.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. केस ओले, डोळे झोपेने जड. आणि हवापाण्याचं सांगावं तशा आवाजात तिने मला सांगितलं, की डावीकडे थोडं लाल आहे, कातडी कुठेच फुटलेली नाही.

मी म्हटलं, बरं झालं, रात्री कोमट कपडा धर. ती हो म्हणाली.

ताई, मी आजवर तिला लिहिलेल्या आणि न दिलेल्या एकोणीस कविता आज सकाळी वाचल्या. त्यांत चंद्र आहे, वादळ आहे, काळीज तर पानोपानी आहे. त्या एका वाक्याइतकं खरं त्यांत काहीही नाही. सगळ्या बंबात घातल्या, पाणी छान तापलं.

माया राखून असावीस. मी ती वाया घालवणार नाही असं म्हणतो, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तुझा
धाकटा