शेवंतीला हवा तेवढा काळोख

रत्नागिरी,
कार्तिक, १९८६

प्रिय आत्माराम,

दुकानात बसणार नाही म्हणून तू शिमग्यानंतर मुंबई गाठलीस, तेव्हापासून ना तुझं अक्षर इथे आलं, ना माझं तिकडे गेलं. आज लिहितोय ते तुझ्या आईच्या शेवंतीबद्दल. हसू नकोस, पुरतं वाच.

तू गेलास त्याच संध्याकाळी आईने माझ्याकडून अंगणात दोनशे वॅटचा बल्ब लावून घेतला. शेवटच्या एस्टीने आलास तर पाखाडीच्या पायऱ्यांवर ठेच लागू नये म्हणून. तो पार उजाडेपर्यंत जळायचा. शेजारचा धाकू विचारी, "काय शेट, दीपगृह इकडे हलवलंत की काय?" मी विजेच्या सामानाचा दुकानदार, म्हटलं, जाहिरात आहे रे.

तर यंदा शेवंती कमरेएवढी वाढली, पानं हिरवीकंच, आणि कळी म्हणून नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी देवीला घरच्याच फुलांची वेणी घालायची, हा आईचा नेम तुला ठाऊक आहे. तिने शेणखत घातलं, मासळीचं पाणी घातलं, शेवटी झाडांची दृष्टसुद्धा काढली. गंमत अशी, की दगडी गडग्याच्या पलीकडची, सावलीतली दोन झाडं मात्र कळ्यांनी लगडलेली.

दिवाळीला धाकूची लेक विमला आली. दापोलीला शेतकी शिकते. बल्बाकडे बघत म्हणाली, "काका, शेवंती रात्र मापते. रात्री लांबल्या, काळोख सलग मिळाला, की पानांत काहीसं तयार होतं आणि शेंड्याला जाऊन सांगतं, पाला पुरे, आता कळी धर. ते द्रव्य अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही म्हणतात. पण तुमच्या बल्बापायी हिच्या लेखी अजून उन्हाळाच चाललाय!" जन्मभर मी उजेड विकला; तो कुणाला नकोही असतो, हे पहिल्यांदा ऐकलं.

आई ऐकेना. "देवीला बाजारची फुलं चालतील. दिवा राहील." परवा मात्र ती तुळशीपाशी विमलेला हळूच विचारत होती, आणि माझे कान तुला माहीत आहेत, "झाडं मनात राग धरतात काय गो?" विमला हसली नाही. म्हणाली, "नाही काकू. त्यांना निरोप पोचला नाही, एवढंच."

काल तिन्हीसांजेला आईने स्वतःच बटण बंद केलं. मला म्हणाली, "मुंबईतनं त्याला हा दिवा दिसतो काय? तुम्ही लिहा." तुझा पत्ता आषाढापासून माझ्याकडे आहे. दुकानात दोन गिऱ्हाइकं तुझ्याबद्दल बोलत होती, मी वायर मापता मापता ऐकून ठेवला. परळला विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करतोस हेही कळलं. बरं वाटलं. दुकानात आता बाबूला ठेवलाय, त्याचा हात बसलाय. तुला तिथे बस म्हणणार नाही. मार्गशीर्षात एखाद्या गुरुवारी ये. आधी दोन ओळी टाक, म्हणजे मी टॉर्च घेऊन स्टँडवर येईन. अंगणात काळोख असेल.

तुझाच,
बाबा