पाणबुड्यांची खोली

४ नोव्हेंबर

आजपासून कार्यालयात सकाळी अकरापर्यंत कोणी कोणाशी बोलायचे नाही, फोन घ्यायचा नाही — केवळ विचार करायचा. नियम मी स्वतः लिहिला. त्यात एक शब्दही जास्तीचा नाही. बेटावरच्या संग्रहालयाने समुद्रतळावरून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांच्या दालनाचा आमचा आराखडा परत पाठवला आहे : 'नीटनेटका आहे, पण असे पुष्कळ पाहिले.' पंधरा तारखेला नवे काही दाखवले नाही, तर काम दुसऱ्यांना जाईल आणि आमचे इथले, ग्रीसमधल्या पिरेअस बंदराचे कार्यालय बंद होईल.

५ नोव्हेंबर

अकराला विचारले, काय सुचले? माझ्या हाताखालची चार माणसे, चार कोरे चेहरे. वेळ दिला, निवांतपणा दिला — आणखी काय द्यायचे असते?

७ नोव्हेंबर

चौघांपैकी मिनासने एक रेखाटन आणले. मी एवढेच म्हटले की पाणबुड्याचे शिरस्त्राण चुकीच्या काळातले आहे आणि अक्षरे तिरकी आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या! त्याने कागदाची घडी घातली. मग शेजारी बसलेल्या आरिस्तेआला हळूच विचारले, श्वास अकरानंतरच घ्यायचा, की आधी चालेल? सगळे हसले. विनोद मला कळला. इतके हसण्याचे कारण कळले नाही.

८ नोव्हेंबर

काही नाही. शांतता मात्र उत्कृष्ट.

११ नोव्हेंबर

मिनासचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण. आमंत्रण कोणालाच नसते. दार उघडे असते, मिठाई घेऊन जायचे. दरवर्षीप्रमाणे गेले. त्याच्या आईने दारातच सांगितले, "या बाई. पोरं शनिवार-रविवार इथंच होती, आज परत बसलीत. जेवायला उठतील तर शपथ!"

आत चौघे एकमेकांचे बोलणे तोडत भांडत होते. बशा बाजूला सारलेल्या; टेबलावर दालनाचा नमुना : काळ्या पुठ्ठ्याची रिकामी खोली. ना शिरस्त्राण, ना फलक. प्रेक्षक आत शिरला की पूर्ण अंधार आणि पाणबुड्याच्या छातीचे ठोके — त्याने श्वास रोखल्यापासून वर येईपर्यंत. बस्स.

मला पाहताच सगळे गप्प झाले. आरिस्तेआ म्हणाली, "पक्कं झाल्यावर दाखवणारच होतो, बाई. कच्चं दाखवलं की तुम्ही ते दुरुस्त करता. मग ते नीट होतं — आणि मरतं."

मिनासच्या आईने माझ्या हातात बशी दिली. मी खाल्ले, बहुधा. राग आला की नाही, हे अजून ठरवता आलेले नाही. ती खोली डोळ्यांपुढून हलत नाही. तिची एक कड वाकडी कापली होती.

१४ नोव्हेंबर

चौघे संध्याकाळच्या बोटीने बेटावर गेले. त्या खोलीच्या अंतिम आराखड्यावर माझी सही आहे. मी तो उघडून पाहिलेला नाही.