मानेचा फोटो

३ मार्च, सकाळ
आज मानेचा एमआरआय. उजव्या हातातून कप निसटतात म्हणून. डॉक्टर म्हणाले, हात पुरता जायच्या आत फोटो हवा. मी भीत नाही. रात्री झोप लागली नाही ती डासांमुळे.

संध्याकाळ
फोटो झाला नाही. हातात रबरी फुगा देतात, त्रास झाला तर दाबा म्हणतात. चालतो का ते बघायला दाबला. त्यांनी सगळं थांबवलं. ही म्हणाली, अजून आत सरकलाही नव्हतात. हिला मशीनमधलं काय कळतं!

६ मार्च
ठरलं. रोज पलंगाखाली अर्धा तास निपचित पडायचं. मन घट्ट होतं. आज सुरुवात केली. नाकात धूळ गेली, शिंकलो, कपाळ फळीवर आपटलं. बाहेर येता येईना. शेवटी जावयाने पाय धरून ओढलं. लग्नानंतर प्रथमच त्याने माझे पाय धरले. तेवढंच समाधान.

७ मार्च
सराव पुरे. दमलो.

११ मार्च
आज आत गेलो! कानाशी कोणी पत्रे ठोकतंय असा आवाज. मी ढिम्म. ऑपरेटर मुलगी फार चांगल्या घरची. मधूनमधून कानातल्या स्पीकरवरून विचारायची, ठीक आहात ना आजोबा? माणुसकी म्हणून मी दर वेळी मान डोलावली.
बाहेर आल्यावर म्हणते, आजोबा, फोटो मानेचाच होता हो. सगळे पुसट आले. हे आधी सांगायला नको? ही म्हणाली, घरात चाळीस वर्षं जी मान डोलली नाही, ती तिथे बरी डोलली.

१२ मार्च
आणखी एक कप गेला. हल्ली कपांचे कान गुळगुळीत करतात.

१४ मार्च
गुंगीचं इंजेक्शन देतो म्हणतात. साफ नाही म्हणालो. माझं मन खंबीर आहे.

१८ मार्च
इंजेक्शन घेतलं. सगळ्यांचा आग्रह मोडवेना. जागा झालो तर ऑपरेटर म्हणाली, आजोबा, एक नंबर! जरासुद्धा हलला नाहीत. म्हटलं, सराव आहे. ही तोंड फिरवून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

२० मार्च
डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. शीर कुठे दबलीय ते मलाही दिसलं. तरी म्हटलं, जरा पुसटच वाटतो, परत काढू या का? डॉक्टर म्हणाले, याहून स्वच्छ कसा असणार? ऑपरेशन सोमवारी.
दवाखान्याचा जिना उतरताना ही माझा उजवा हात धरून चालली होती.
मला ते खाली हाताकडे बघितल्यावर कळलं.