शपथेचा नारळ

बाबा, आज अकरा वाजता तहसीलदार येणार आणि माझ्यावरच्या अविश्वास ठरावाला ग्रामपंचायतीत हात वर होणार. समोरच्यांनी त्यांचे सदस्य गोव्यात नेऊन ठेवले होते, ते सकाळीच गाडीने परतले. माझं सरपंचपद आता एका बाईच्या हातावर आहे. खालच्या वाडीची सदस्य, मासळी विकते, माझ्याच आग्रहाने निवडणुकीला उभी राहिली. ती फुटली की मी गेले, आणि माझ्याबरोबर आपल्या वाडीचा रस्ताही. खडी पडलीय, पण त्यांना तो त्यांच्या माणसाच्या आंब्याच्या बागेकडे वळवायचाय. चुलीवर पेज आहे, शेजारी बसून लिहितेय. जिवंत माणसाला सांगावं तर पेज उतरायच्या आत गावभर होईल.

तुम्ही देवळात गाऱ्हाणं घालायचात. कुणाचं दुखणं, कुणाची हरवलेली गाय, सगळं तुमच्या तोंडून देवापुढे जायचं आणि मागची माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणायची. मी फुलांची परडी धरून खांबाला टेकलेली. एका निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी पुढारी नारळ घेऊन येतात, सगळी वाडी गोळा केलेली.

“सगळ्यांनी ह्या नारळाक हात लावून मताची शपथ घेवची. गाऱ्हाणा तुम्ही घाला.”

तुम्ही नारळ उचलून त्यांच्याच हातात देता. “देवाक मी राखूक सांगतंय. माणसा बांधूक सांगूचंय नाय.”

“वाडीक रस्तो व्हयो ना?”

“व्हयो. पण असो नको.”

रस्ता आला नाही. दोन पावसाळ्यांनी आई आजारी पडली, तिला खुर्चीत बसवून चिखलातून हमरस्त्याकडे नेलं आणि ती वाटेतच गेली. तुम्ही मागून तिच्यावर छत्री धरून चालत होतात. गेल्यावरही धरून होतात.

तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे, बाबा. एक नारळ ठेवला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? लग्न याच गावात झालं, बचतगटाच्या बायका जमवल्या, त्या रस्त्यासाठी तालुक्याला खेटे घातले. ‘माका’ म्हटलं की साहेब गालात हसायचे, म्हणून शुद्ध बोलायला शिकले. पद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा लोकांना वाटलं, ही नुसती सही करील आणि कारभार नवरा बघील. शिक्क्याला मी त्याला हात लावू दिला नाही. पण काल त्याचं ऐकलं.

“एकदा देवासमोर नारळाक हात लागलो की ती फिरूची नाय,” तो म्हणाला. संध्याकाळी आम्ही तिला देवळात बोलावलं. नारळ माझ्या पिशवीत होता. तो बाहेर काढला तशी ती दोन पावलं मागे सरकली.

“ताई, माझ्या घोवाक समोरच्यांनी तेंच्या बोटीर कामाक लावलेलो आसा. हात लावलंय तर घरात मरण. नाय लावलंय तर तुमका तोंड खंय दाखवू?”

तिचे डोळे नारळावरून हलत नव्हते. लहानपणी परडी धरून टेकायचे त्या खांबाकडे मी पाहिलं. “घराक जा गो,” मी म्हटलं. “उद्या तुका काय वाटता तां कर.” ती गेली. नवरा माझी वाट न बघता एकटाच घरी निघून गेला.

तरी नारळ मी परत पिशवीत ठेवला, आणि पिशवी दाराशी. देऊळ पंचायतीच्या वाटेवरच आहे, ती तिथूनच येणार, गाठून शपथ घालता आली असती. आत्तापर्यंत माझी नजर सारखी त्या पिशवीकडे जात होती. शेवटी उठले आणि पेजेबरोबर चटणी करायला तोच नारळ फोडला. खरं सांगू? कोयता उचलताना मनात म्हणत होते, नासका निघू दे. म्हणजे देवाचीच मर्जी नव्हती असं नवऱ्याला सांगून सुटले असते. पाणी गोड निघालं.

हा कागद आता चुलीत घालते आणि निघते. आज रस्ता हातचा गेला तर तुमच्यावर रागावता येणार नाही, बाबा. इतकी वर्षं मी त्या रागावरच उभी होते.